ठशाचा टवका

बाजारात असे नेहमी घडते. एक बाई कोथिंबिरीची जुडी घेते. पाच रुपये द्यायचे असतात. ती बटव्यातून रुपया-रुपयाची पाच नाणी मोजून देते. भाजीवाला चार ठेवून घेतो. पाचवे उलटसुलट करून पाहतो आणि परत करतो.

"हे चालायचं नाही, मावशी. याच्यावर गाठ आलीय. खोटं हाय."

"अरे बाबा, सकाळीच दुकानातून आलंय."

"आलं असंल. दुसरं द्या."

मावशी दुसरे नाणे देते. गाठीचे नाणे पुन्हा बटव्यात जाते. तो रुपया असून नसल्यासारखा झाला. चार दिवसांनी तेच नाणे तिच्या नातवाच्या हाती लागते. त्याने मोबाईलवर काहीबाही पाहिलेले असते. तो ओरडतो, "आजी, हे कुणाला देऊ नको! अशा नाण्याला लाख रुपये मिळतात!"

एकाच्या लेखी त्या नाण्याची किंमत शून्य. दुसऱ्याच्या लेखी लाख. नाणे एकच. मग खरे कोणाचे? दोघांचेही नाही. ते सरकारी टांकसाळीत पडलेले चांगले नाणे आहे आणि त्याची किंमत एक रुपया आहे. त्याच्यावरची गाठ कुठून आली, हे आपल्याला घरी बसून ओळखता येते. त्याला फार शिक्षण लागत नाही. डोळे लागतात, उजेड लागतो आणि थोडा धीर लागतो.

आधी नाणे कसे तयार होते ते पाहू. टांकसाळीत धातूचा लांब पत्रा असतो. लाटलेल्या पोळीतून आपण वाटीने पुऱ्या कापतो, तशा यंत्र त्यातून गोल चकत्या कापते. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन घेतात आणि त्यांची कड थोडी उचलतात. मग एकेक चकती दोन ठशांच्या मध्ये जाते. एक ठसा एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. भोवती पोलादाचे कडे. ठसे कित्येक टनांच्या दाबाने मिटतात आणि एका दणक्यात दोन्ही बाजूंची छाप उठते. कडे असते म्हणून धातू बाहेर पसरत नाही. कडे जागेवर नसेल तर नाणे थापलेल्या भाकरीसारखे पसरेल. हल्लीची यंत्रे अशी शेकडो नाणी एका मिनिटात पाडतात.

आता ठसा म्हणजे काय? तो कठीण पोलादाचा तुकडा असतो. त्याच्या तोंडावर चित्र आणि अक्षरे उलटी कोरलेली असतात. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का तुम्ही पाहिला असेल. त्यावरही अक्षरे उलटीच असतात. पण एक फरक आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरे वर आलेली असतात. नाण्याच्या ठशावरची अक्षरे आत गेलेली असतात. ठशात जे आत, ते नाण्यावर वर येते. एवढी एक गोष्ट पक्की धरून ठेवा. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

लोहाराच्या भट्टीपाशी क्षणभर थांबू. कुऱ्हाडीचे पाते तापवून तो पाण्यात बुडवतो. याला पाते पाजणे, पाणी देणे म्हणतात. पाणी कमी बसले तर पाते लवकर बोथट होते. जास्त बसले तर पाते कडक होते खरे, पण ठिसूळही होते. लाकडाच्या गाठीवर घाव बसला की धारेचा टवका उडतो. नाण्याचा ठसाही असाच पाणी दिलेल्या पोलादाचा. तो हजारो, लाखो दणके खातो. खाता खाता एखाद्या वेळी त्याचाही बारीकसा टवका उडतो. जिथला टवका उडाला तिथे ठशात खळगी पडते. पुढच्या चकतीचा धातू दाबाने त्या खळगीत शिरतो. नाणे बाहेर येते ते त्या जागी गाठ घेऊनच. नाण्यांचे जाणकार हिला 'डाय चिप' म्हणतात. डाय म्हणजे ठसा आणि चिप म्हणजे टवका. आपला शब्द काही वाईट नाही. आपण ठशाचा टवकाच म्हणू.

वीटभट्टीवर काम केलेल्यांना हे आणखी लवकर कळेल. विटेच्या लाकडी साच्याची आतून एक ढलपी निघाली, तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक विटेला त्याच जागी गाठ येते. साच्याच्या कोपऱ्यात सुकलेला चिखल राहिला, तर विटेचा तो कोपरा भरत नाही. आणि गाडीतून पडून एखादी वीट फुटली, तर ती एकच फुटते, बाकीच्या चांगल्या राहतात. पहिले दोन दोष साच्याचे. तिसरा रस्त्याचा. नाण्याचेही तसेच आहे. ठशाचा टवका उडाला तर गाठ येते. ठशात वंगण आणि धूळ साचली तर अक्षर पुसट येते किंवा उठतच नाही. आणि नाणे बाहेर पडल्यावर आपटले, घासले, चेपले, तर तो दोष टांकसाळीचा नव्हे.

टवका कुठेही उडू शकतो. पण एक जागा त्याची विशेष लाडकी आहे. तुम्ही नुकती अक्षरे गिरवली आहेत, म्हणून ती जागा तुम्हाला चटकन सापडेल. 'व' काढून पाहा. त्याला गोल पोट आहे. 'म' ला आणि 'भ' ला बारीक गाठ आहे. 8 या आकड्यात दोन घरे आहेत, 0 मध्ये एक, 6 आणि 9 मध्येही एकेक. ठशावर ही अक्षरे चरासारखी खोदलेली असतात. मग 'व' च्या पोटात काय उरते? चारी बाजूंनी चर आणि मधोमध पोलादाचा एवढासा उंचवटा. शेतात पाटाच्या पाण्याने चहूकडून वेढलेले ढेकूळ जसे आधी ढासळते, तसा हा एकटा उंचवटा आधी तुटतो. तो तुटला की नाण्यावर 'व' चे पोट भरून येते. 8 चे एक घर बुजते.

आपल्या नाण्यांवर सिंहाच्या खाली 'सत्यमेव जयते' असते. त्यातले 'व' आणि 'म' बारीक आहेत. बाजूला 'भारत' असते. इंग्रजी नावात 'डी' आणि 'ए' ही पोट असलेली अक्षरे आहेत. शिवाय सालाचे आकडे. टवका शोधायचा तर प्रथम इथे पाहा. शाळेत मी मुलांच्या हाती भिंग दिले की ती सिंहाचे डोळे शोधत बसत. 'व' कडे कोणी पाहत नसे.

पाहण्याची रीत अशी. नाणे कडेने धरा, बोटांनी छाप झाकू नका. उजेड समोरून नको, बाजूने हवा. खिडकीतून येणारा सकाळचा तिरपा उजेड सर्वांत चांगला. तिरप्या उजेडात वर आलेल्या भागाची सावली पडते आणि गाठ लगेच दिसते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे क्षणभर मागता येते.

पण घाई करू नका. 'व' चे पोट मळानेही भरते. कुंकू, तेल, बेसन, घाम, काय काय साचत असते! म्हणून आधी नाणे साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. मग बांबूच्या काडीने त्या जागी हलकेच टोकरा. मळ असेल तर निघेल. धातू असेल तर काडी घसरेल. एक सांगून ठेवतो. चिंच, राख, लिंबू लावून घासू नका. आपल्या घरांत भांडे दिसले की घासायचे अशी सवय आहे. घासलेले नाणे चकचकीत होते, पण त्यावरच्या बारीक खुणा जातात. जो जाणकार ते विकत घेणार असतो, तोही मग घेत नाही.

याहून मोठी परीक्षा पुढे आहे. त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे शोधा. दोन्हींवर त्याच जागी, त्याच आकाराची गाठ असेल, तर संशय राहिला नाही. दोन्ही एकाच तुटक्या ठशाची लेकरे. क्वचित एका नाण्यावर गाठ लहान आणि दुसऱ्यावर मोठी असते. म्हणजे लहान गाठीचे आधी पडले आणि मोठ्या गाठीचे नंतर. मधल्या काळात टवका वाढला. दोन रुपयांत एवढी गंमत दुसरी कुठे मिळेल?

टांकसाळ कोणती हे सालाच्या खाली कळते. आपल्या देशात नाणी पाडणाऱ्या सरकारी टांकसाळी चार आहेत. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखी. हैदराबादची चांदणी. नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. हा ठिपका किंवा ही चौकट म्हणजे दोष नव्हे. पुष्कळजण ठिपक्यालाच टवका समजतात. ठिपका गोल, रेखीव आणि सालाखाली ठरलेल्या जागी असतो. टवक्याला ना आकार ना जागा. 1985 सालच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर दिसते. ती नाणी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात पाडून आणलेली आहेत. तेही चूक नव्हे.

टवक्याची भावंडे थोडक्यात सांगतो. ठशाला भेग पडली तर नाण्यावर केसासारखी रेघ उठते. ती बोटाला वर लागते. ओरखडा मात्र आत गेलेला असतो. ठशाच्या काठाचाच मोठा तुकडा पडला तर नाण्याच्या कडेला सपाट ढेकूळ येते आणि तिथली अक्षरे गडप होतात. चकती ठशाच्या मधोमध बसली नाही तर छाप एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर चढली की पुरीचा चावा घेतल्यासारखा होतो ना? तशी चकतीही कधी चावलेली निघते. एखादे नाणे ठशाला चिकटून बसले तर पुढच्या चकतीवर त्याच चित्राची उलटी, आत दबलेली छाप येते. तीत 'भारत' आरशात पाहिल्यासारखा दिसतो. ही शेवटची तऱ्हा फार विरळ.

आता बाहेरच्या दोषांकडे वळू, कारण फसगत इथेच होते. नाण्यावर खड्डा असेल तर बहुधा कशाचा तरी मार बसला आहे. मार बसताना शेजारचा धातू वर उचलला जातो. म्हणून खड्ड्याला लागून उठलेली कड दिसली तर तो टवका समजू नका. रुळावर ठेवलेले नाणे पातळ आणि लांबट होते. चुलीतले काळेनिळे पडते. तेजाबात टाकलेले झिजून हलके होते आणि त्याची अक्षरे सर्वत्र सारखी पुसट होतात. काही लोक डाग देऊन मुद्दाम गाठ चिकटवतात. अशी गाठ रंगाने वेगळी पडते आणि सोनाराच्या काट्यावर नाणे जड भरते. 2011 साली निघालेल्या नमुन्याचा एक रुपया 3.79 ग्रॅम वजनाचा आणि स्टीलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटते. ही परीक्षा सोपी आहे. दोन्ही बाजूंना सारखेच चित्र असलेले नाणे कोणी दाखवले, तर ते जादूगाराचे समजा. 'शोले' चित्रपटात असे नाणे होते. दोन नाणी पोखरून एकमेकांत बसवली की ते होते. कडेच्या आत बारीक सांधा दिसतो.

आणखी एक तऱ्हा आहे. दोष नसून दोष वाटणारी नाणी. आपला मुलूख अशा नाण्यांनी भरलेला आहे. खुलताबादच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी तिथे आणली. दोनतीन वर्षांतच त्याने पितळेची आणि तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या भावाने घ्यावीत असा हुकूम केला. झाले! लोकांनी घरोघर तशी नाणी पाडायला सुरुवात केली. शेवटी सुलतानाला हुकूम मागे घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली. खोटे नाणे कधी निघते याचा हा दाखला. स्वस्त धातूला महाग भाव असला की निघते. एक रुपयाचे तसे नाही. 2018 साली माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे एक रुपयाचे नाणे पाडायला सरकारलाच 1 रुपया 11 पैसे लागत होते. मग घरी बसून ते पाडण्याचा आतबट्ट्याचा धंदा कोण करील? गाठीचा रुपया 'खोटा' म्हणणाऱ्या भाजीवाल्याला हा हिशेब सांगावा.

शिवाजी महाराजांची शिवराई पाहा. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण बहुतेक शिवरायांवर ही अक्षरे पुरी सापडत नाहीत. काना कापलेला, नाहीतर अर्धे अक्षर बाहेर गेलेले. तेव्हा नाणी हाताने ठोकून पाडीत. ठसा बहुधा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि वेडावाकडा. जेवढे बसले तेवढे उमटले. मोगलांच्या नाण्यांतही असेच दिसते. अशा जुन्या नाण्यावर सरकलेली छाप ही त्या काळची रीतच होती, ती काही नवलाई नव्हे.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे दोन नाणी चालत. हैदराबादचे हाली आणि इंग्रजांचे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. 'कलदार' हा शब्दच सांगतो की हा रुपया कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला. त्याच्या कडेला दाते असत. चांदी कोणी कडेने तासून घेतली तर दाते जात आणि चोरी उघडी पडे. पुढे हालीवरही यंत्राने पाडलेला चारमिनार आला. आजीच्या पेटीत भोकाचा पैसा सापडतो. तोही कोणी पाडलेले भोक नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची ओढ होती म्हणून 1943 पासून 1947 पर्यंत सरकारनेच मध्ये भोक ठेवून पैसा काढला.

दहा रुपयांच्या नाण्याचा घोळ तर कालपरवाचा. रुपयाचे नवे चिन्ह असलेले खरे आणि नसलेले खोटे, अशी आवई उठली. दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे, असेही कोणी म्हणाले. नवे चिन्ह 2010 साली ठरले आणि 2011 पासून नाण्यांवर आले. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केले की तोवर दहाच्या नाण्याचे 14 नमुने निघाले होते आणि सर्व चालू आहेत. तरीही लोक घेत नाहीत. अफवेला पाय नसतात, पण ती आगगाडीच्या पुढे धावते.

आता नातवाच्या लाख रुपयांचे पाहू. नाणी जमवणारे लोक आहेत आणि ते चुकीच्या नाण्यांना दामही देतात. छाप अर्धी सरकलेली असेल, उलटी उठलेली असेल, तर बरा भाव येतो. पण एवढासा टवका सामान्य आहे. त्याला बहुधा रुपयाचा रुपयाच मिळतो. लाख देणारा गिऱ्हाईक फोनवर येतो तेव्हा तो घेणारा नसून नेणारा असतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या 2012 सालच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचे नाव सांगून अशी पुष्कळ फसवणूक झाली आहे. पद्धत ठरलेली. आधी फोटो मागतात. मग म्हणतात, "तुमचं नाणं मंजूर झालं. नोंदणीचे एवढे पाठवा." मग कराचे पाठवा. मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचा कागद येतो. तो बनावट असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्वच्छ सांगितले आहे की ती अशा व्यवहारात नाही, कोणाकडून फी घेत नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, द्यायचे नसतात. जो आधी पैसे मागतो त्याचा फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर तितकी आशा कमी.

गाठीचे नाणे खरेच विकावेसे वाटले तर मोठ्या शहरांत नाणेसंग्राहकांची प्रदर्शने भरतात, तिथे हातोहात दाखवावे. दोन-तीन जणांना दाखवल्याशिवाय देऊ नये. शेत नांगरताना जुन्या नाण्यांचे गाडगे सापडले तर ते विकायचे नाही. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आणि मावशीने काय करावे? 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यात चालतात. पन्नास पैसेही बंद झालेले नाहीत, ते दहा रुपयांपर्यंत चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून बंद आहेत. बाजारात कोणी गाठीचे नाणे घेतले नाही तर भांडत बसू नये. ते बँकेत आपल्या खात्यावर भरता येते. बँकांनी नाणी नाकारू नयेत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. नाणी बरीच असतील तर शंभर-शंभराच्या पिशव्या करून न्याव्यात, म्हणजे खिडकीवरच्या माणसालाही मोजणे सोपे जाते.